पाच गुबगुबीत वसाहती

जंतूबाई हे नाव तिला तिच्या नणंदेने ठेवलं, आणि ते काही लाडाने ठेवलेलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी नणंदेच्या मुलीच्या लग्नात, पानं वाढायच्या ऐन वेळी, ही बाई स्वयंपाकघरात शिरली. दुधाच्या गोड पदार्थाच्या पातेल्यावरचं झाकण तिने उचललं, वास घेतला आणि नव्या व्याह्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे सकाळपासून बाहेर आहे. कोणी तोंडाला लावू नका."

भर मांडवात नणंदेचं नाक कापलं गेलं. "आली मोठी जंतूबाई! घरात येऊन जंतू मोजते!" असं म्हणून ती जी फिरली ती फिरलीच. चार दिवसांनी तिने भावाकरवी निरोप धाडला, की वहिनीने सगळ्यांसमोर एकदा 'माझं चुकलं' म्हणावं, मी सगळं विसरेन. वहिनीने उलट निरोप दिला, "चुकलं नाही तर म्हणू कशी? मेले तरी म्हणणार नाही." संपलं. नऊ वर्षं दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही, आणि मधला नवरा, म्हणजे एकीचा दादा, दोन्हीकडे मूग गिळून गप्प बसायला शिकला.

नाव मात्र टिकलं. नवऱ्याच्या तोंडून एकदा ते तिच्या हॉस्पिटलच्या संमेलनात निसटलं आणि दुसऱ्या दिवसापासून तळघरातली सगळी लॅब तिला जंतूबाई म्हणू लागली. तिला त्याचं काही वाटलं नाही. खोटं काय होतं त्यात? बावीस वर्षं ती यीस्ट वाचत होती. माणसाच्या रक्तात, लघवीत, घशात शिरणारी ही बारीक गोल बुरशी प्लेटवर वाढवायची, तिच्यावर औषधाची चकती ठेवायची आणि औषध लागू पडतं की नाही ते वरच्या डॉक्टरांना लिहून द्यायचं, हे तिचं काम. खिशात भिंग, केसांना टोपी आणि डोळा असा, की एक प्लेट नजरेखालून गेली तर ती विसरायची नाही.

आणि तिचा एक नियम होता. प्लेटवर उगवलेल्या ठिपक्यांना, म्हणजे वसाहतींना, हात लावताना पाच निवडायच्या. छान वाढलेल्या, गोल, चकचकीत, गुबगुबीत. त्या पाच मिळवून पुढची औषधाची तपासणी लावायची. "पाच गुबगुबीत," ती नव्या पोरींकडून पाढ्यासारखं घोकून घ्यायची. "मरतुकड्या सोडा. त्यांच्या नादी लागाल तर निकाल कधी देणार?" पुस्तकात 'पाच वसाहती' एवढंच होतं. गुबगुबीत हा शब्द जंतूबाईचा.

त्या सोमवारी सकाळी नवरा बुटाची नाडी बांधता बांधता, खालीच बघत म्हणाला, "ताईला उद्या पुन्हा ऑपरेशनला नेणार आहेत."

"पुन्हा म्हणजे? आधी कधी नेलं होतं?"

मग एकेक बाहेर आलं. आतड्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. त्यानंतर ताप भरला, रक्तात बुरशी सापडली, पाच दिवस औषध चालू होतं आणि ताप उतरायचं नाव घेत नव्हता. आता पोटात कुठे पू साठला असेल असा डॉक्टरांचा अंदाज होता, म्हणून उद्या दहा वाजता पोट परत उघडणार होते. अंगात काही राहिलेलं नाही, यातून उठेल असं वाटत नाही, असं तो त्याच नाडीला तिसरी गाठ मारत म्हणाला.

"कुठल्या हॉस्पिटलात?"

"तुझ्याच. चौथा मजला."

"बारा दिवस माझ्या डोक्यावर चार मजले सोडून ती पडलीय, आणि तू मला आज सांगतोस?"

"तिनेच शपथ घातली होती," तो म्हणाला. "म्हणाली, जंतूबाईला कळता कामा नये, ती येऊन मला हुंगेल."

जंतूबाईला हसू आलं आणि अर्ध्यावरच थांबलं. कारण गेल्या आठवड्यात रक्तातल्या यीस्टचा एकच नमुना खाली आला होता. बाटलीवर नाव नसतं, नंबर असतो. तो नमुना तिनेच वाचला होता. 'औषध लागू' असं तिनेच लिहिलं होतं.

"हिने याआधी हे औषध घेतलं होतं का?" तिने विचारलं.

"चार महिन्यांपूर्वी तोंड आलं होतं तिला. कसल्या तरी गोळ्या घ्यायची. बरं वाटलं की बंद, दुखलं की चालू."

नमुन्यासोबतच्या कागदावर 'पूर्वी घेतलेली औषधं' असा एक रकाना असतो. तो कोरा होता, हे तिला लख्ख आठवलं. कोरा रकाना पाहून वर फोन करून विचारायचं असतं, हेही आठवलं. चहा तसाच टाकून ती निघाली.

आता खरं तर ती प्लेट मिळायलाच नको होती. निकालावर सही झाली की त्याच दिवशी चार वाजता जुन्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये जातात, म्हणजे वाफेच्या त्या दणकट भांड्यात, आणि जंतूंचा पार लगदा होतो. पण ऑटोक्लेव्ह आठवडाभर बंद होता. त्याचं रबर फाटलं होतं, नवीन आलं नव्हतं, आणि त्याच्यावर काम करणारे मामा आठ दिवस त्या रबराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. झाकणबंद पिंपं कोपऱ्यात चळतीने उभी होती. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात. इथे फाटकं रबर तारायला आलं.

"मामा, बुधवारचं पिंप कुठलं?"

"त्यात हात घालू नका, बाई. घाण वास मारतंय."

"वास घेणं हेच तर माझं काम," जंतूबाई म्हणाली आणि दोन दोन हातमोजे चढवून तिने झाकण उघडलं.

अर्ध्या तासात दोन्ही प्लेटा सापडल्या. पहिली मूळ प्लेट, औषध नसलेली, जिच्यावरून तिने पाच गुबगुबीत उचलल्या होत्या. उचलताना तिच्यावर तिला गुबगुबीतच दिसल्या होत्या. आज भिंग लावल्यावर त्यांच्या मधल्या जागेत रव्याच्या कणांसारखे शेकडो बारके ठिपके दिसले. तेव्हाही ते असणार, टाचणीच्या टोकाएवढे. तिने पाहिलेही असतील. मरतुकडे म्हणून सोडले. दुसरी औषधाच्या चकतीची प्लेट. चकतीभोवतीचं स्वच्छ वर्तुळ, ज्याच्या जोरावर तिने 'लागू' लिहिलं, ते आता त्याच बारक्या ठिपक्यांनी भरलं होतं.

ती स्टुलावर बसली. बावीस वर्षं पोरींना शिकवलेला पाढा तिच्याकडे बघत होता. नणंदेला ताप कशाने येतोय ते तिला कळलं, आणि तो पाच दिवस का उतरला नाही तेही कळलं. शरमेने कान तापले. पण शरमेत बसून राहायला वेळ नव्हता. तिने बारक्या वसाहती उचलून नव्या प्लेटवर नेहमीच्या औषधाची आणि दुसऱ्या औषधाची अशा दोन चकत्या लावल्या, प्लेट उबवणीला ठेवली आणि त्या दोन जुन्या प्लेटा घेऊन प्रमुखांच्या खोलीत गेली.

प्रमुख वाईट माणूस नव्हता, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. नीटनेटका होता. पुढच्या आठवड्यात तपासणीचं पथक यायचं होतं, आणि खुर्चीमागे भिंतीवर एक पाटी होती: 'सलग अकरा वर्षे एकही अहवाल मागे घेतला नाही.' एक तारखेपासून जंतूबाईला विभागाची मुख्य करायचा कागद त्याच्या टेबलावर सहीसाठी पडला होता, तोही तिला उलटा वाचता आला.

"पाच दिवसांची प्लेट, तीही कचऱ्यातली," तो म्हणाला. "तोवर औषध दमतं, मग वर्तुळात काहीही उगवतं. म्हणून तर चोवीस तासांनी वाचायची. हे तुम्हीच शिकवता ना?"

"शिकवते. म्हणून ही दुसरी बघा. हिच्यावर औषध नाहीच. एकाच पोटची दोन आकारांची पोरं आहेत, साहेब. मी मोठी तेवढी तपासली."

"कचरा उपसण्याइतकी ही पेशंट तुमची कोण?"

"नणंद."

"अच्छा. म्हणजे तुम्ही डोळ्याने नाही, नात्याने बघताय."

"आमचं नातं तुम्हाला माहीत नाही, साहेब. नात्याने बघितलं असतं तर या प्लेटा पिंपातच राहिल्या असत्या."

तो हसला नाही. "नवी तपासणी लावलीत ना? बारक्यांना वाढायला दोन दिवस लागतील, परवा निकाल येईल. मग बघू."

"उद्या दहाला पोट उघडणार आहेत."

"तो सर्जनचा निर्णय."

"सर्जनने तो माझ्या कागदावरून घेतलाय. औषध लागू आहे असं मी लिहिलं, म्हणून सर्जनबाई पू शोधायला निघाल्यात. अशा अंगाला भूल झेपेल का?"

प्रमुखाने पेन सरळ करून ठेवलं आणि आवाज मऊ केला. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची असते. परवापर्यंत थांबा. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

मूठ झाकलेलीच राहिली असती, पण त्या लॅबमध्ये एक गुलाबी कागद होता. दुरुस्तीपत्रक. खूप वर्षांपूर्वी कुणा भल्या माणसाने नियम करून ठेवला होता, की ज्याने प्लेट वाचली त्याला स्वतःचं वाचन चुकलं असं दिसलं, तर त्याने या कागदावर तसं लिहावं आणि थेट वॉर्डच्या डॉक्टरांच्या हातात द्यावं. प्रमुखाची परवानगी लागत नाही, त्याला प्रत पुरते. अट एकच होती. पहिल्या ओळीत 'माझी चूक झाली आहे' असं स्वतःच्या अक्षरात लिहायचं, आणि तो कागद कायमचा सेवापुस्तकात जायचा. साहजिकच बावीस वर्षांत त्या पॅडचं पहिलं पानही कुणी फाडलं नव्हतं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला कुणाला हौस असते?

तिने कपाटातून पॅड काढलं, धूळ झटकली आणि त्याच्याच टेबलावर टेकवून लिहायला लागली.

"एक तारखेचं काय करायचं मग?" प्रमुखाने विचारलं.

"तुमचं पेन तुमच्याजवळ आहे, माझं माझ्याजवळ," ती मान वर न करता म्हणाली. 'माझी चूक झाली आहे' या चार शब्दांपाशी तिचा हात अडखळला. असे शब्द तिने आयुष्यात लिहिले नव्हते आणि उच्चारलेही नव्हते. मग एका दमात लिहून टाकले, खाली सही ठोकली आणि प्रत त्याच्यापुढे ठेवून जिन्याकडे निघाली.

चौथ्या मजल्यावर सर्जन भेटली. तरुण, पायात रबरी चपला, डोळ्यांखाली काळं. तिने कागद उभ्या उभ्या दोनदा वाचला.

"मग पाच दिवस आम्ही काय देतोय?"

"पालथ्या घड्यावर पाणी," जंतूबाई म्हणाली. "या यीस्टमध्ये दोन जाती झाल्यात, डॉक्टर. प्रत्येक पेशीत एक चूल असते, मायटोकॉन्ड्रिया. त्या चुलीची स्वतःची वेगळी जनुकं असतात. काही पेशी ती जनुकंच हरवून बसतात. चूल विझली, मग पोट भरत नाही, वाढ खुंटते, म्हणून वसाहत बारकी. पण चूल विझली की दुसरीकडे एक जनुक जागं होतं, आणि ते पेशीच्या भिंतीला पंप बसवतं. घरात पाणी शिरलं की आपण बादलीने उपसतो ना, तसं या औषध उपसून बाहेर फेकतात. तुम्ही घालत जा, त्या काढत जातात. तगड्या मेल्या, बारक्या उरल्या. चार महिने गोळ्या धरसोड करून घेतल्यात तिने, तिथेच या तयार झाल्या असणार."

"आणि दुसरं औषध?"

"ते भिंत बनवण्याचं कामच बंद पाडतं. या पंपांना सहसा ते उपसता येत नाही."

"खात्री किती?"

"लॅबची म्हणाल तर अजून काहीच नाही, निकाल परवा सकाळी. माझी म्हणाल तर त्या कागदावर सही आहे."

"मी उद्या उघडलं नाही आणि आत खरंच पू असला तर?"

"तर हा कागद पुढे करा. त्यासाठीच असतो तो."

सर्जनने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग नर्सला हाक मारून औषध बदलायला सांगितलं, मानेतली सलाइनची जुनी नळीही काढायला सांगितली, आणि ऑपरेशन बुधवारी सकाळी दहावर ढकललं. "तोपर्यंत उतार पडला नाही तर मी थांबणार नाही," ती म्हणाली. जंतूबाईने मान डोलावली.

खाटेवर नणंद ओळखू येत नव्हती. गालफडं बसलेली, ओठ सुकलेले. पण डोळे उघडले आणि वहिनीवर येऊन थांबले.

"काय हुंगायला आलीस?"

"तुमचं रक्त, वन्सं."

"मग? खराब आहे?"

"आहे. औषध बदलायला सांगितलंय."

"बघा," नणंद डोळे मिटत पुटपुटली, "कुठेही नेलं तरी नाव ठेवणारच." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा असा. जंतूबाईला हायसं वाटलं आणि ती पांघरूण सारखं करून खाली गेली.

दुपारीच तिच्या हातात चिठ्ठी पडली. चौकशी होईपर्यंत प्लेट वाचायची बंदी. तिला मागच्या खोलीत, जिथे प्लेटांचं खाद्य शिजवतात आणि बाटल्या धुतात, तिथे बसवलं. तिने तिथेही पोरींना शांत बसू दिलं नाही. बाटलीच्या बुडाशी साका राहिला म्हणून तीन बाटल्या परत धुवायला लावल्या. मंगळवारी ताप होता तेवढाच राहिला. नवरा दर तासाला जिना उतरून येई आणि काही न बोलता परत वर जाई. त्या दिवशी ती पहिल्यांदा घाबरली. आपण चुकलो असलो तर हा माणूस आयुष्यभर आपल्याशी चांगलाच वागेल, आणि तेच सहन होणार नाही, असं तिला वाटलं.

बुधवारी सकाळी साडेआठला तिने उबवणीतून प्लेट काढली, झाकण न उघडता नेली आणि प्रमुखाच्या टेबलावर ठेवली. शेजारी स्वतःचं भिंग ठेवलं.

"मला वाचायची बंदी आहे. तुम्ही वाचा."

"हे काय वागणं, बाई?"

"दहाला वर सुरी चालेल. वाचा, साहेब."

त्याने भिंग उचललं. प्लेट उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली. नेहमीच्या औषधाच्या चकतीला चिकटून, अगदी कडेपर्यंत, बारक्या वसाहतींची दाट साय आली होती. दुसऱ्या औषधाभोवती मात्र रुंद, स्वच्छ, रिकामं वर्तुळ होतं. मग त्याने नवा अहवाल ओढला, पहिलं औषध 'निष्प्रभ', दुसरं 'लागू' असं लिहिलं आणि सही केली. पाटीकडे त्याने पाहिलं नाही.

ती जिन्याने धावत वर गेली तेव्हा सर्जन नणंदेच्या खाटेशी उभी होती. पहाटेपासून ताप उतरून शंभरावर आला होता. सर्जनने अहवाल वाचला, घडी करून खिशात घातला आणि ऑपरेशन रद्द असं नर्सला सांगितलं. नवरा बाकावर बसून लहान मुलासारखा रडला.

चौकशीचा कागद आठवड्याने आला. 'चुकीबद्दल लेखी खुलासा द्यावा.' जंतूबाईने खुलासा दिला, आणि तो असा: "चूक मान्य आहे. ती या एकाच अहवालात झालेली नाही, बावीस वर्षं होत आहे. आम्ही नजरेत भरणाऱ्या वसाहती उचलतो आणि बारक्या टाकतो. हे मी शिकवलं, या लॅबने शिकू दिलं. रकाना कोरा असला तर आम्ही फोन करत नाही. याआधी दिलेल्या किती अहवालांत अशा बारक्या राहून गेल्या, हे कोणालाच माहीत नाही, कारण ज्यावरून कळलं असतं त्या प्लेटा आपण चार वाजता शिजवून टाकतो. मी माझी चूक गुलाबी कागदावर लिहिली आहे. पॅडमध्ये नव्याण्णव पानं शिल्लक आहेत. इतरांनी आपापली लिहावी."

एक तारखेला विभागाची मुख्य दुसरीच कुणीतरी झाली. जंतूबाई खाद्य शिजवायच्या खोलीतच राहिली. पण मधल्या खिडकीतून पोरी रोज एकेक प्लेट पुढे करायच्या आणि विचारायच्या, "बारक्या आहेत का बघा ना." बंदी वाचायची होती. बघायची नव्हती.

नणंदेला घरी सोडून तीन आठवडे झाल्यावर जंतूबाई तिच्याकडे गेली, नऊ वर्षांत पहिल्यांदा. नणंद उशीला टेकून बसली होती. बारक्यांची जनुकं वाचायला सर्जनने नमुना पाठवला होता, त्या मोठ्या लॅबचा कागद त्याच दिवशी आला होता. चुलीची जनुकं नाहीशी, पंपांचं जनुक पूर्ण जोरात. जंतूबाईने तो समजावून सांगितला.

"म्हणजे अंगात काही नाही, वाढ नाही, तरी आलं ते बाहेर फेकतात," नणंद म्हणाली. "माझ्याच घरच्या दिसतात." "दादा म्हणाला, तू लिहून दिलंस. माझी चूक झाली म्हणून."

"दिलं."

"आणि त्यापायी तुझी जागा गेली."

"गेली तर गेली. जागा काय पळून जाते?"

"नऊ वर्षं मी ती एक ओळ मागत होते," नणंदेचे डोळे भरले, "आणि तू ती त्या तळघरातल्या माणसाला दिलीस."

"तिथे चुकले होते, वन्सं. म्हणून दिली."

"आणि लग्नात?"

जंतूबाईने पदराने भिंग पुसलं. आजारातून उठलेल्या बाईला दोन गोड शब्द द्यायला काय जात होतं? तोंडापर्यंत आलेही ते. तिने ते गिळले.

"लग्नात नव्हते चुकले. ते आंबलेलंच होतं. आजही तेच म्हणेन."

नणंदेने पांघरुणाखालून हात काढून वहिनीचा हात घट्ट धरला.

"माहीत होतं गं मला. सकाळीच वास आला होता."